पटावर नाव आहे, मूल कुठे आहे?



मित्रांनो आणि भगिनींनो, विशेष गरजा असलेली मुले आणि शाळा या विषयावर चंद्रपूर-गडचिरोलीत बोलायचे तर सुरुवात वरोऱ्यापासूनच करावी लागते. ज्यांना गावाने वेशीबाहेर काढले होते त्या कुष्ठरुग्णांसाठी बाबा आमटे यांनी 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन केली. पुढे आनंदवनात अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा निघाल्या. हे तुम्हाला माहीत आहे. मला महत्त्वाचे वाटते ते आनंद निकेतन महाविद्यालय. ते 1964 साली निघाले, आणि ते परिसरातल्या सर्वसामान्य तरुणांसाठी होते. ज्या वस्तीकडे लोक पाठ फिरवत होते, तिथेच त्यांची मुले पदवी घ्यायला जाऊ लागली. समावेश म्हणजे 'त्यांना आपल्यात घेणे' असे आपण समजतो. इथे आपणच त्यांच्याकडे गेलो.

आता कायदा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व मोजले आहे. त्यातील ठळक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. त्याआधी, 2012 मध्ये, शिक्षण हक्क कायद्यात दुरुस्ती होऊन तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय मिळाला. नीट लक्षात घ्या, हा पर्याय मुलाचा आहे, शाळेचा नाही. 'नाव पटावर राहू द्या, मूल घरीच ठेवा' असे कोणी सांगत असेल तर ते घरचे शिक्षण नव्हे. घरचे शिक्षण म्हणजे ठरलेल्या दिवशी शिक्षक घरी येणे. शिक्षक येत नसेल तर ती सरळ हकालपट्टीच आहे, फक्त कागदावर दिसत नाही.

शिक्षक येणार कुठून, हा प्रश्न खोटा नाही. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्राथमिक स्तरावर अशा 10 मुलांमागे आणि त्यापुढे 15 मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा. पण सिरोंचा गडचिरोलीपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. म्हणून निवासी विशेष शाळेला सरसकट 'बहिष्कार' म्हणणारे शहरी पंडित मला पटत नाहीत. ज्या बहिऱ्या मुलीच्या गावात खुणांची भाषा जाणणारा एकही माणूस नाही, तिला वसतिगृहातच पहिल्यांदा गप्पा मारायला कोणी भेटते.

या जंगलात आणखी एक घोळ होतो. माडिया बोलणारे मूल पहिलीत येते, मराठी समजत नाही म्हणून गप्प बसते, आणि त्याला 'मंद' ठरवले जाते. आपल्या घरातली हिंदी-उर्दू बोलणारी मुले मराठी शाळेत जातात तेव्हा त्यांचेही असे होऊ शकते. भाषा न येणे हे दिव्यांगत्व नाही. बुद्धीची चाचणी मुलाच्या घरच्या भाषेत व्हावी, हा आग्रह पालकांनी धरलाच पाहिजे.

उलट, जे आजार दिसत नाहीत ते कोणी मोजत नाही. सिकलसेल या दोन्ही जिल्ह्यांत आहे आणि 21 प्रकारांच्या यादीतही आहे. त्या मुलाला रॅम्प नको, ब्रेल नको. त्याला वर्गात पाण्याची बाटली हवी, लघवीला जाण्याची मुभा हवी, चंद्रपूरच्या उन्हात कवायतीतून सूट हवी आणि दुखणे उठले की बुडालेला अभ्यास भरून देणारे कोणीतरी हवे. यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही. तरी ते मूल 'आळशी, नेहमी गैरहजर' म्हणून शाळेबाहेर जाऊ शकते.

आता आपल्याकडे वळतो, कारण दुसऱ्यांना प्रश्न विचारणे सोपे असते. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मकतूम (रजि.) अंध होते. प्रेषित (स.) मक्केच्या सरदारांशी बोलण्यात गुंतले असताना ते शिकायला आले, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले म्हणून सूरह अबस अवतरली. पुढे तेच मदिनेत अजान देत. ही गोष्ट आपण प्रवचनात मोठ्या अभिमानाने सांगतो. मग मकतबमध्ये बहिरे मूल का दिसत नाही? मशिदीच्या पायऱ्यांवर व्हीलचेअर कशी चढणार?

आणि उर्दू शाळा. 2014 च्या निकालानुसार शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही. तो निकाल दाखवून एखादे संचालक मंडळ हात झटकू पाहील. त्यांना 2016 च्या कायद्याचे कलम 16 दाखवा. शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने समावेशक शिक्षण द्यावे, यासाठी ते कलम आहे. त्यात भेदभाव न करता प्रवेश देण्याची अट आहे.

विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी तुमच्या मोहल्ल्यातल्या घरांत जा. 'शाळेत न जाणारे मूल आहे का' असे विचारू नका, उत्तर 'नाही' येईल. 'घरात किती मुले आहेत' असे विचारा आणि मोजा. दिव्यांग प्रमाणपत्र नसेल तर जिल्हा रुग्णालयात सोबत जा, एकट्या आईला तिथे फेऱ्या मारायला लावू नका. गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे काम पाहणारे कर्मचारी असतात. त्यांच्याकडे प्रवासभत्ता आणि मदतनीस भत्त्याचा अर्ज द्या, पोच घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत व्यवस्थापन समितीचे 75 टक्के सदस्य पालक असतात. जुलैच्या बैठकीत त्या मुलाचे नाव घेऊन विचारा की शिक्षक घरी किती वेळा आले, आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.