ग्लोव्ह्ज कुणाच्या मापाचे?

(स्वसंरक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी कायदा, पोलीस ठाणं, पंचनामा असं बरंच बोलणं झालं. त्यामानाने माझा विषय किरकोळ वाटेल. मी बॉक्सिंगच्या ग्लोव्ह्जबद्दल बोलणार आहे. हसा, पण ऐका.

मी २०१६ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी बॉक्सिंग शिकायला लागले. ग्लोव्ह्ज घ्यायला गेले तर दुकानदाराने विचारलं, "मुलगा केवढा आहे, ताई?" माझ्यासाठीच हवेत म्हटल्यावर त्याने गुलाबी जोडी पुढे केली. गुलाबी रंगाशी माझं भांडण नाही. पण हात घालून बघितला तर आत तोच पुरुषाच्या पंजाचा साचा. काही कंपन्या बायकांसाठी खरोखरच अरुंद साचा करतात, पण ते रंगावरून कळत नाही. हात घालूनच बघावं लागतं.

हे किती महत्त्वाचं आहे ते मला दोन वर्षांनी कळलं. आमच्या गटातली अकरावीतली एक मुलगी एका वर्गाला जायची. जेमतेम चाळीस किलोची. तिथे सगळ्यांना मिळून जे ग्लोव्ह्ज होते ते मोठ्या मुलांचे, १६ औंसाचे. हाताला पट्टी बांधायला कुणी शिकवलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात तिने पंचिंग बॅगवर जोरात ठोसा मारला. हात ग्लोव्हच्या आत सरकला, मूठ वाकडी बसली आणि करंगळीच्या मागच्या हाडाला चीर गेली. वडील म्हणाले, "बघा, मुलीच्या जातीला हे झेपायचं नाही." वडिलांचं सोडा. आम्ही कार्यकर्त्यासुद्धा आपापसात म्हणालोच, की पोर जरा नाजूकच आहे. पुढे मी तोच ग्लोव्ह हातात घातला, तेव्हा मनगटाशी माझी दोन बोटं सहज आत गेली. मुलगी नाजूक नव्हती, ग्लोव्ह सैल होता. पण तोवर तिचा वर्ग सुटला होता. ती परत आली नाही.

बायकांचं बॉक्सिंग ऑलिंपिकमध्ये आलं २०१२ साली, लंडनला. पुरुषांचं १९०४ मध्येच आलं होतं. मेरी कोमने लंडनला ब्राँझ मिळवलं हे आपल्याला माहीत आहे. पण त्याआधी वाद रंगला होता तो बायकांनी रिंगमध्ये स्कर्ट घालावा का, यावर! शेवटी तो ऐच्छिक ठरला. आमच्या हातांचं माप मात्र कुणी विचारलं नाही.

तर आता मापाचं. ग्लोव्हवर लिहिलेले औंस म्हणजे हाताचं माप नव्हे, ते एका ग्लोव्हचं वजन. १० औंस म्हणजे साधारण २८० ग्रॅम. वजन वाढतं तशी आतली गादी वाढते, आणि बहुतेक वेळा हाताची जागाही ऐसपैस होते. आपल्यातल्या पन्नास-साठ किलोच्या बाईला बॅगवर शिकायला १० किंवा १२ औंसाचे पुरतात. समोर जोडीदारीण उभी राहिली की १४ किंवा १६ औंसाचे घ्यायचे. ती जाड गादी तिच्या तोंडासाठी असते. नव्या मुलीने पहिले काही महिने त्या फंदात पडूच नये.

दुकानात जाताना पट्टी घरूनच घेऊन जा. मोठी पट्टी साडेचार मीटरची असते, जवळजवळ अर्धं नऊवारीच. लहान हाताला त्याहून आखूड चालते. पट्टी गुंडाळूनच ग्लोव्ह घाला. बोटांची टोकं वर हलकेच टेकली पाहिजेत, मूठ पूर्ण मिटली पाहिजे आणि हात झटकला तरी ग्लोव्ह जागचा हलता कामा नये. अंगठा बाजूला शिवलेला आहे ना, तेही बघा. सुटा अंगठा समोरचीच्या डोळ्यात जातो. नाडीचे घेऊ नका, ते बांधायला दुसरं माणूस लागतं. वेल्क्रोचे आपले आपण दातांनी ओढून लावता येतात.

आणि एक. रस्त्यावर आपल्या हातात ग्लोव्ह्ज नसतात. उघड्या मुठीने कुणाच्या कवटीवर मारलं तर आपलंच हाड मोडतं, तेही नेमकं त्या मुलीचं मोडलं तेच. डॉक्टर त्याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात. तेव्हा रस्त्यावरचं उत्तर म्हणून बॉक्सिंग शिकवू नका.

गटाकडे पैसे कमी असतील तर ग्लोव्ह्ज दोन मापांत, सामायिक घ्या. पट्टी मात्र जिची तिची, रोज धुतलेली. ग्लोव्ह्ज पिशवीत कोंबून ठेवू नका, घामाने कुजतात. आत वर्तमानपत्राचे बोळे घालून सावलीत वाळवा.

मागच्या टेबलावर तीन जोड्या ठेवल्या आहेत, १०, १२ आणि १६ औंसाच्या. चहाच्या सुट्टीत प्रत्येकीने हात घालून बघा. पट्ट्या धुतलेल्या आहेत.