बँडपथकाच्या नव्या नायकास

पनवेलींतील एखाद्या विद्यार्थ्याकडे शाळेच्या बँडपथकाचें नायकत्व प्रथमच आलें असेल, तर त्याच्यासाठीं हे चार शब्द.

बाळ, हातांत दंड आला म्हणजे पुढें मिरवण्याचा मान मिळाला, एवढेंच समजूं नकोस. साऱ्या पथकाचें पाऊल आतां तुझ्या स्वाधीन आहे. जलद चालीचीं पावलें मिनिटास १२०, म्हणजे एका पावलास अर्धा सेकंद. आवाज सेकंदास सुमारें ११०० फूट जातो. तेव्हां ढोलापासून ११० फूट मागें असलेल्या मुलास ठोका सेकंदाच्या दहाव्या हिश्शानें उशिरां ऐकूं येतो. निव्वळ कानावर विसंबल्यास त्याचें पाऊल चुकतें. यास्तव मोठा ढोल पथकाच्या मधोमध असावा, आणि ताल तुझ्या दंडानें डोळ्यांसही दिसावा.

जुन्या गांवांतील अरुंद रस्त्यांच्या वळणावर आंतल्या मुलांनीं पाऊल आंखूड टाकावें, बाहेरच्यांनीं पुरतें. हें आधीं मैदानावर घोटून घे. लोकांनीं टाळ्या वाजविल्या कीं चाल नकळत वाढते. त्या वेळीं स्वतःस आवर. शेवटच्या रांगेंतील लहानगा धापा टाकूं लागला, तर दोष त्याचा नव्हे, नायकाचा आहे. त्याला झेपेल तीच पथकाची खरी चाल होय.