बुजगावणें आणि भुलवणें



चित्रग्रीव नांवाच्या कपोतराजाची गोष्ट ज्यानें लहानपणीं ऐकली नाहीं असा श्रोता विरळाच. व्याधानें तांदूळ पसरले, जाळें मांडलें, दाण्याच्या लोभानें थवा उतरला आणि अडकला. मग राजाच्या सल्ल्यानें सर्वांनीं एकदम पंख मारले व जाळ्यासकट तीं कबुतरें उडून गेलीं. ही गोष्ट वर्गांत सांगतांना आम्ही शिक्षक तिच्यांतून ऐक्याचा उपदेश तेवढा काढून घेतों. व्याधाकडे कोणी पाहत नाहीं. आणि ते तांदूळ कोणाच्या शेतांत पिकले होते, हा प्रश्न तर कोणाच्या स्वप्नांतही येत नाहीं. आज मला या दोन उपेक्षित माणसांविषयीं, म्हणजे पांखरांना भुलवून मारणारा शिकारी आणि ज्याचें धान्य जातें तो शेतकरी यांच्याविषयीं, बोलावयाचें आहे.

आपल्याकडे पिकाची राखण कशी होते तें सर्वांस ठाऊक आहे. ज्वारी दाण्यावर आली कीं शेतांत माळा उभा राहतो. पहांटे कोणीतरी गोफण घेऊन त्यावर चढतो, हाळ्या घालतो, पत्र्याचा डबा बडवितो. बांधाजवळ मडक्याच्या डोक्याचें, फाटक्या अंगरख्याचें बुजगावणें हात पसरून उभें असतें. या सर्व उपायांचें तत्त्व एकच कीं, पांखरानें शेतांत उतरूं नये. इंग्लंडांतील शेतांवर मात्र मीं याच्या अगदीं उलट रीत पाहिली. तेथें खोटीं कबुतरें मांडून खरीं कबुतरें बोलावितात, आणि तीं आलीं म्हणजे बंदुकीनें टिपतात. बुजगावणें म्हणतें, 'जा'. भुलवणें म्हणतें, 'ये'. एकाच धान्याच्या रक्षणासाठीं माणसानें हे दोन परस्परविरुद्ध शब्द योजावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

प्रथम त्या पक्ष्याची ओळख करून घेऊं. आपल्या वाड्यांच्या वळचणींत घुमणारें पारवें तें हें नव्हे. हें रानकबूतर. शरीरानें पारव्याहून बरेंच मोठें, वजनानें सुमारें अर्धा किलो. रंग निळसर राखाडी, छातीवर फिकट गुलाबी छटा. प्रौढ पक्ष्याच्या मानेच्या दोन्ही अंगांस पांढरा डाग असतो. पिल्लांना तो नसतो. प्रत्येक पंखावर एक रुंद पांढरा पट्टा असतो आणि पंख पसरले कीं तो दुरूनही चमकतो. हा पट्टा आपण ध्यानांत ठेवावा, कारण पुढें त्याचाच उपयोग त्या पक्ष्याच्या नाशासाठीं केलेला दिसेल. मादी काटक्यांच्या विरळ घरट्यांत दोन पांढरीं अंडीं घालते, आणि नर व मादी दोघेंही आपल्या गळ्यांतील पिशवींत तयार होणारें दुधासारखें अन्न पिल्लांना भरवितात.

ब्रिटनमध्यें आज या पक्ष्याच्या सुमारें पन्नास लाख जोड्या आहेत. एवढी वाढ आपोआप झालेली नाहीं. थंडींत त्या देशांतील रानांत खाण्यास फार थोडें उरतें, आणि पूर्वीं त्या उपासमारींतच पुष्कळ कबुतरें मरत. परंतु १९७०च्या दशकापासून तेथें रेप नांवाच्या, आपल्या मोहरीच्या कुळांतील तेलबियांची लागवड झपाट्यानें वाढली. हें पीक थंडीभर हिरवें उभें असतें. जेथें कबुतरांस फांके पडत तेथें माणसानें त्यांच्यासाठीं जणूं अन्नछत्रच उघडलें! मग वसंतांत वाटाण्याची पेरणी, उन्हाळ्यांत आडवा पडलेला गहूं, पुढें कापणीनंतरचे सांडलेले दाणे, असें वर्षभराचें पान वाढलेलेंच असतें.

माझा पुतण्या त्या देशांत नोकरीस आहे. त्याच्याकडे एका वसंतांत महिनाभर राहण्याचा योग आला, तेव्हां त्याच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या रानावर हा सर्व प्रकार मला दिवसभर बसून पाहतां आला. मीं स्वतः आयुष्यांत बंदूक हातांत धरलेली नाहीं, आणि माझ्या घरीं मांसाहारही नाहीं. तथापि जें आपण करीत नाहीं तें समजूनही घेऊं नये, असें मला कधीं वाटलें नाहीं.

शेतकऱ्यानें एका वयस्क शिकाऱ्यास बोलाविलें होतें. मला वाटलें होतें कीं शिकार म्हणजे बंदूक घेऊन निघणें. पण त्या गृहस्थानें आदल्या दिवसाची सबंध दुपार नुसती दुर्बीण लावून पाहण्यांत घालविली. कबुतरें कोणत्या झाडीतून निघतात, कोणत्या वाटेनें येतात, शेताच्या कोणत्या कोपऱ्यांत उतरतात, याची त्यानें मनांत नोंद केली. आकाशांतही पायवाटा असतात, हें मला त्या दिवशीं कळलें. उंच झाडांची एखादी रांग किंवा ओढ्याचें वळण धरून थव्यांमागून थवे त्याच वाटेनें जातात.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कुंपणाच्या झुडपांशीं चार काठ्या रोवून, त्यांवर रंगीबेरंगी जाळें टाकून, वर पाला खोंवून त्यानें आडोसा केला. त्याच्यापुढें वीसपंचवीस पावलांवर भुलवणीचीं कबुतरें मांडलीं. हीं प्लॅस्टिकचीं, आंतून पोकळ, राखी रंगाचीं असतात. लवचिक काडीवर बसविलीं कीं वाऱ्यानें डोलतात व दाणे टिपीत असल्याचा भास होतो. मांडणीचें शास्त्रही ठरलेलें आहे. पक्षी वाऱ्याला तोंड देऊन उतरतो, म्हणून खोट्या कबुतरांचीं तोंडें बहुधा वाऱ्याकडे ठेवावयाचीं, पण पलटणीसारखीं अगदीं एका रेषेंत नव्हे. दोहोंमध्यें दीडदोन पावलांचें अंतर ठेवावयाचें. भेदरलेलीं कबुतरेंच एकमेकांस चिकटून बसतात. सर्व मांडणी घोड्याच्या नालासारखी करून मधली जागा मोकळी सोडावयाची. पंक्तींत एक पाट रिकामा दिसला म्हणजे पाहुणा जसा सरळ तिकडे वळतो, तसा येणारा पक्षी त्या मोकळ्या जागेकडे वळतो. आणि बंदूक रोखलेली असते ती त्याच जागेवर.

याशिवाय एक यंत्र होतें. एका खुंटावर दोन लांब दांड्या, त्यांच्या टोकांना पंख पसरलेलीं दोन मेलेलीं कबुतरें, आणि खालीं बॅटरीवर चालणारी लहानशी मोटर. दांड्या सावकाश फिरूं लागल्या कीं पंखांवरील ते पांढरे पट्टे लखलखत. दूरच्या पक्ष्यांस वाटावें, आपले भाऊबंद आतांच उतरत आहेत. ज्या खुणेनें एक कबूतर दुसऱ्यास 'येथें अन्न आहे, येथें निर्धास्त ये' असें सांगतें, तीच खूण माणसानें चोरलेली होती.

अकराच्या सुमारास पहिलें कबूतर आलें. तें दुरून वळलें, पंख ताणून तरंगत तरंगत मोकळ्या जागेकडे आलें, आणि उतरण्यासाठीं पाय पुढें करतें तोंच बार झाला. शिकाऱ्याचा कुत्रा धांवत जाऊन तें घेऊन आला. पुढें दिवसभर हें चाललें. एक गोष्ट मात्र मीं निरखून पाहिली. मेलेलें कबूतर पाठीवर उताणें पडलें तर शिकारी ताबडतोब उठून तें सरळ करी व बारीक काटकीनें त्याचें डोकें उभें करून इतरांत बसवी. कारण विचारतां तो म्हणाला, "उताण्या पक्ष्याचें पांढुरकें पोट दिसलें कीं बाकीचीं बिचकतात." म्हणजे मेलेल्या पक्ष्याला एवढीही मुभा नव्हती कीं त्यानें आपलें मरण जिवंतांना कळवावें!

संध्याकाळीं एकतीस कबुतरें मोजलीं गेलीं. शेतकरी आला. त्यानें एक पक्षी उचलला, गळ्यापाशींची पिशवी चाकूनें उघडली, आणि कांहीं न बोलतां तिच्यांतील दाणे माझ्या ओंजळींत ओतले. नुकत्याच पेरलेल्या वाटाण्याचे ते मूठभर दाणे होते. त्यांपैकीं कित्येकांना कोंब फुटूं लागले होते. त्या क्षणापर्यंत माझें सारें मन पक्ष्यांच्या बाजूला होतें. पण मीही शेतकऱ्याचा मुलगा आहें. पेरलेलें बीं दुसऱ्याच्या पोटांत गेलें म्हणजे काय होतें, तें मला पुस्तकांतून शिकावें लागलेलें नाहीं.

आतां प्रश्न असा कीं, यांत न्याय कोणता? त्या देशाच्या कायद्यानें यावर कांहीं विचार केलेला आहे. १९८१च्या वन्यजीवविषयक कायद्यानें सर्व रानपक्ष्यांना तेथें सामान्यतः संरक्षण आहे. पिकाची गंभीर हानि टाळण्यासारख्या कारणासाठींच, ठराविक अटी पाळून, रानकबूतर मारण्याचा सर्वसाधारण परवाना सरकार देतें; नुसती मौज हें कारण त्यांत बसत नाहीं. एप्रिल २०१९मध्यें पक्षिप्रेमी मंडळींनीं कायदेशीर हरकत घेतल्यावर हे परवाने एकाएकीं रद्द झाले, शेतकऱ्यांत मोठा गहजब उडाला, आणि कांहीं आठवड्यांतच नवे परवाने नव्या अटींसह काढावे लागले. त्याच १९८१च्या कायद्यांत आणखी एक कलम आहे, तें मला विशेष महत्त्वाचें वाटतें. भुलवणीसाठीं बांधलेला, आंधळा केलेला किंवा जायबंदी जिवंत पक्षी वापरण्यास त्यानें मनाई केली आहे.

ही मनाई किती आवश्यक आहे तें अमेरिकेच्या इतिहासावरून कळतें. तेथें प्रवासी कबूतर नांवाची एक जात एके काळीं इतकी विपुल होती कीं तिच्या थव्यांनीं सूर्य झांकला जाई. जाळीं लावणारे लोक एका जिवंत कबुतराच्या पापण्या दोऱ्यानें शिवीत, त्याला हलत्या बैठकीला बांधीत, आणि बैठक खालींवर करून त्याला पंख फडफडवावयास लावीत. तें आंधळें कबूतर पाहून थवेच्या थवे उतरत व जाळ्यांत सांपडत. हे पक्षी पिंपांत भरून आगगाडीनें शहरांच्या बाजारांत जात. इकडे जंगलेंही तुटत चाललीं होतीं. १ सप्टेंबर १९१४ रोजीं सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत मार्था नांवाची मादी मेली, आणि ती जात पृथ्वीवरून कायमची नाहींशी झाली. चित्रग्रीवाच्या थव्याला जाळ्यासकट उडतां आलें. यांना तें साधलें नाहीं.

इंग्लंडांतील रानकबूतर नष्ट होण्याच्या मार्गावर नाहीं, हें खरें. परंतु म्हणून बंदुकीनें पीक वांचतेंच, असेंही नाहीं. १९५० व १९६०च्या दशकांत तेथील सरकारनें कबुतरें मारण्यासाठीं काडतुसांच्या किमतींत सवलत दिली होती. त्याच सुमारास मर्टन नांवाच्या शास्त्रज्ञानें केंब्रिजशायर परगण्यांत वर्षानुवर्षें या पक्ष्यांची मोजदाद केली. त्याला असें आढळलें कीं, थंडींत किती कबुतरें तगावीं हें शेतांत किती क्लोव्हरचा पाला उरतो त्यावर ठरतें. जीं बंदुकीनें मरत त्यांतील पुष्कळशीं एरव्हीं उपासानें मेलींच असतीं. आणि जीं मरत त्यांच्या वांट्याचा घांस उरलेल्यांना मिळून तीं तगत. हिंवाळ्यांतील त्या सर्व गोळीबारानें पक्ष्यांची संख्या खालीं येत नव्हती.

येथें बुजगावणें आणि भुलवणें यांतील भेद उघडा पडतो. शेतकऱ्याला पाहिजे असतें कीं पेरणीच्या त्या दोनतीन आठवड्यांत कबुतरानें शेताकडे फिरकूं नये. शिकाऱ्याला पाहिजे असतें कीं त्यानें यावें, आणि पुष्कळ संख्येनें यावें. १९६२ साली आर्ची कोट्स नांवाच्या प्रसिद्ध शिकाऱ्यानें एका दिवसांत ५५० कबुतरें पाडलीं. कौशल्य म्हणून हा आंकडा कोणालाही थक्क करील. पण शेतकऱ्याचा हिशेब पडलेल्या पक्ष्यांवरून करावयाचा नसून उगवलेल्या रोपांवरून करावयाचा असतो, आणि हे दोन हिशेब प्रत्येक वेळीं जुळतातच असें नाहीं.

आमच्या जुन्या वाङ्मयानें हा प्रश्न टाळलेला नाहीं. एका जातककथेंत व्याधानें पाळलेला तितर आहे. त्याच्या हांकेनें त्याचे जातभाई येतात व मरतात. तो व्याकुळ होऊन एका तपस्व्याला विचारतो, "हें पाप माझें काय?" तपस्वी सांगतो कीं तुझ्या मनांत घाताचा हेतु नसेल तर तें पाप तुला लागत नाहीं. तितर सुटला, पण हेतु ज्याच्या मनांत आहे त्याच्या माथीं तें आपोआप येऊन बसलें. प्लॅस्टिकच्या पक्ष्याला तर असला प्रश्नच पडत नाहीं. म्हणून तो विचारण्याचें काम माणसावर दुप्पट येऊन पडतें.

आणि शिबि राजाची कथा! कपोताला अभय दिल्यावर ससाणा राजाला म्हणतो, माझ्या भुकेचें काय? राजा त्याला दुष्ट म्हणून हांकलून देत नाहीं. तो तराजू आणवितो. या कथेंतील त्याग आपण वाखाणतों. मला तो तराजूही तितकाच मोलाचा वाटतो. एका पारड्यांत जीव आणि दुसऱ्यांत भूक ठेवावयाची, आणि तूट पडेल ती स्वतः भरावयाची.

आपल्या देशांत १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि कबुतराच्याच कुळांतील हरियाल हा महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. तथापि आपल्याही शेतकऱ्याचें पीक पांखरें, डुकरें, नीलगाई खातात, आणि शहरांत बसून आपण कधीं पक्ष्यांची तर कधीं शेतकऱ्याची नुसती कींव करतों. कींव करण्याला खर्च येत नाहीं. राखणीला येतो, जाळ्याला, कुंपणाला, माळ्यावर बसणाऱ्या माणसाच्या मजुरीला येतो. पांखरें जगावींत असें ज्यांना मनापासून वाटतें, त्यांनीं धान्याचे दोन पैसे अधिक देण्याची तयारी ठेवली पाहिजे. शिबीनें दुसऱ्याच्या अंगाचें मांस कापून पारड्यांत टाकलें नव्हतें.