रात्रीचं जागरण वाटून घ्या


घरी पक्षाघाताच्या रुग्णाची सेवा करताय?
मग हे तुमच्यासाठी.

रुग्णाला स्वतः हलता येत नसेल,
तर साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते.
नाहीतर पाठीला जखमा होतात.
रात्रीसुद्धा उठावं लागतं,
आणि तुमची झोप मोडते.

म्हणून रात्रीचं जागरण वाटून घ्या.
"कुणीतरी या" म्हटलं, की सहसा कुणीच येत नाही.
दिराला, नणंदेला नाव घेऊन सांगा,
"शनिवारी रात्री तुम्ही थांबा."
यात कमीपणा अजिबात नाही.

रुग्णाला उठवताना कमरेत वाकू नका.
गुडघे वाकवा.
फिजिओथेरपिस्टकडून हे एकदा शिकून घ्या.

तुमची स्वतःची बीपीची गोळी चालू असेल, तर ती चुकवू नका.
आणि पुन्हा सांगते,
जागरण वाटून घ्या.

मन फार खचलं, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा.
क्रमांक १४४१६.
एक, चार, चार, एक, सहा.
सेवा मोफत आहे.
रात्रीही चालू असते,
आणि मराठीत बोलता येतं.