जिम्नी, दोन कुत्री आणि मावळातला रस्ता

आजचा भाग गाडीवर आहे. पण हॉर्सपॉवर, शून्य ते शंभर किती सेकंदांत, असलं काही नाही. आज आपण बोलणार आहोत मागच्या सीटबद्दल. कारण आमच्या गाडीत ती सीट माणसांची राहिलेलीच नाही.

मी तळेगावला राहतो. घरात दोन कुत्री. राणी, अकरा वर्षांची लॅब्रॅडॉर, वजन तीस किलो. आणि गोट्या, कामशेत स्टेशनजवळ सापडलेला गावठी, चार वर्षांचा, अंगात नुसती स्प्रिंग. सासुरवाडी पवन मावळात, धरणाच्या पलीकडे. दर शनिवारी तिकडे जाणं ठरलेलं. शेवटचा दीड किलोमीटर रस्ता जून ते सप्टेंबर रस्ता नसतोच. भाताची खाचरं, मध्ये लाल चिखल आणि त्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. जुनी हॅचबॅक दोनदा बैल लावून बाहेर काढलीय. सासरे अजून ते सांगून हसतात.

म्हणून फोर बाय फोर. आपल्याकडे छोटी फोर बाय फोर म्हटलं की आधी जिप्सी आठवते, ती १९८५ सालची. लष्करात, पोलिसात, रॅलीत सगळीकडे होती. तिच्या कुळातली पाच दारांची जिम्नी जून २०२३ मध्ये आली आणि आम्ही ती घेतली. लांबी ३९८५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरच्या आत. ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर. गावातल्या बोळात वळते, चिखलातून निघते. आणि चारच सीट. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता खरं सांगतो, पहिल्या तीन महिन्यांत मी काय केलं? टपावर कॅरिअर, एलईडीची पट्टी, दोन्ही बाजूंना स्टिकर. रील एकदम भारी आली. कुत्र्यांसाठी काय केलं? एक जुनी चादर टाकली. बस.

मग मार्च महिना आला. पाहुण्यांसाठी चिक्की घ्यायला लोणावळ्यात थांबलो. सकाळचे साडेअकरा. बाहेर छान वारा. आपल्या डोक्यात बसलेलं असतं ना, लोणावळा म्हणजे थंड हवा. काचा चार बोटं खाली ठेवल्या, राणी आत, गोट्या माझ्याबरोबर. दुकानात गर्दी, पेमेंट अडकलं, वीस मिनिटं गेली.

परत आलो तर राणी उठत नव्हती. जीभ बाहेर, लाळ घट्ट तारेसारखी, हिरड्या लालभडक. उतरवली तर पाय लटपटत होते. मी तिला परत आत टाकून डॉक्टरकडे पळणार, तेवढ्यात शेजारच्या रिक्षावाल्या काकांनी मला थांबवलं. म्हणाले, "अरे दादा, आधी पाणी घाल तिच्या अंगावर, मग पळ." त्यांनी स्वतःचा पाण्याचा कॅन रिकामा केला. पोटावर, मांड्यांत, पंजांवर. मग एसी फुल करून तळेगाव. डॉक्टरांनी तापमान घेतलं तेव्हा ४०.८ होतं. कुत्र्याचं नेहमीचं साधारण ३८.३ ते ३९.२ असतं. एकेचाळीसच्या वर गेलं की आतले अवयव धोक्यात येतात. डॉक्टर म्हणाले, वाटेत गार करत आणलंत म्हणून वाचली.

राणी वाचली. पण चूक माझी होती. दुसऱ्या कुणाची नाही.

त्या रात्री वाचत बसलो. २००५ मध्ये अमेरिकेत झालेला एक अभ्यास सापडला. बाहेर २२ ते ३६ अंश असताना बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं, आणि त्यातली ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा थोड्या उघड्या ठेवून फारसा फरक पडला नाही. म्हणजे माझी चार बोटं निव्वळ मनाचं समाधान होतं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून गार होतं. आणि आतली हवाच तापली तर धापा टाकून काय होणार?

तर पहिला बदल, ज्याला एक रुपया लागला नाही. कुत्रा गाडीत असेल तर एक माणूस गाडीतच थांबणार. एकटा असेन तर चिक्की नाही, वडापाव नाही, काही नाही. बाकीचे बदल याच्यानंतर. जिम्नीत मागे एसीचे झोत नाहीत, म्हणून बारा व्होल्टचा छोटा पंखा पुढच्या सीटच्या मागे लावला. मागच्या काचांना जाळीचे पडदे. आणि पाच लिटरचा पाण्याचा कॅन कायम गाडीत. काकांची आठवण म्हणून समजा.

दुसरा बदल, पट्टा. गोट्याला खिडकीतून डोकं बाहेर काढायला आवडतं, सगळ्यांनाच आवडतं. पण ताशी पन्नासच्या वेगाने जाणारी गाडी कशाला तरी धडकून थांबली, तर आतला मोकळा कुत्रा त्याच वेगाने पुढे जातो. तो धक्का साधारण दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा. जुन्या हायवेवर कोण कधी आडवा येईल सांगता येत नाही. म्हणून छातीला रुंद पट्टी असलेला हार्नेस, आणि त्यातून सीटबेल्ट. गळ्याच्या पट्ट्याला कधीच बांधू नका, मानेला झटका बसतो. आणि पुढच्या सीटवर मांडीत घेऊन फिरणारे लोक, समोर एअरबॅग आहे हे विसरू नका.

तिसरा बदल, जमीन. मागच्या सीट पाडल्या तरी जिम्नीत पूर्ण सपाट जागा मिळत नाही, पायरी राहते. खडबडीत रस्त्यावर कुत्र्याचा पाय तिथेच अडकतो. आमच्या सुतारमामांनी वॉटरप्रूफ प्लायचा दोन तुकड्यांचा ओटा करून दिला. एक सीट पाडून अर्ध्या भागात राणी झोपते, दुसरी सीट उभी असते, तिथे गोट्या. ओटा पट्ट्यांनी सीटच्या हुकांना घट्ट बांधलेला, कारण सुटा प्लायसुद्धा ब्रेक मारल्यावर उडतोच. वर काय टाकलं माहितीये? गोठ्यात म्हशींच्या पायाखाली घालतात ती रबर मॅट. शेतीच्या दुकानात मिळते. घसरत नाही, पाण्याने धुतली की झालं. महागडी "पेट मॅट" मी आधी घेतली होती, ती पहिल्या पावसातच कुबट वास मारायला लागली.

चौथा बदल राणीसाठी. तिचे मागचे सांधे आता गेलेत. उडी मारून चढताना कळवळायची, आणि मी उचलायला गेलो की लाजल्यासारखी तोंड फिरवायची. सहा फुटांची फळी, मधे बिजागरी, वर तीच रबर मॅट. घडी घातली की ओट्याशेजारी उभी राहते. एक अडचण सांगतो. जिम्नीचं मागचं दार वर नाही, बाजूला उघडतं, आणि त्यावर स्पेअर चाकाचं वजन. त्यामुळे मागे जागा सोडूनच पार्क करावं लागतं, आणि उतारावर दार फिरून फळीवर येणार नाही हे बघावं लागतं. सवय होते.

चालवण्याबद्दल थोडंसं. चिखल लागला की फोर एच, फार खडा किंवा ओबडधोबड उतार आला की फोर एल, आणि मुंगीच्या पावलाने. फोर एलचा मला दिसलेला मोठा फायदा हा, की मागे राणी घसरत नाही. कोरड्या डांबरावर परत टू एच, नाहीतर गिअरच्या यंत्रणेवर ताण येतो. परत आल्यावर बोटांच्या मधले गोचीड तपासायचे. खाचरांत उंदीर असतात, त्यामुळे लेप्टोची लस चुकवायची नाही. आणि आपला मावळ बिबट्याचाही आहे, संध्याकाळनंतर कुत्रा दोरीवरच.

आता कायदा, कारण हा प्रश्न येणारच. मागच्या सीट कायमच्या काढून टाकू का? नको. आरसी बुकात चार सीट लिहिल्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. दंड प्रत्येक बदलाला पाच हजारांपर्यंत जाऊ शकतो, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. म्हणून माझा ओटा दहा मिनिटांत निघतो, सीट जागच्या जागी. पुढे लोखंडी बुलबार लावायचा मोह होतो, त्यालाही परवानगी नाही.

टपावरचं कॅरिअर मी विकलं. एलईडीची पट्टीही काढली. स्टिकर अजून आहे, निघतच नाही तो!

परवा शनिवारी सासुरवाडीला पोचलो. पाऊस थांबला होता, लावणी चालू होती. मागचं दार उघडलं, फळी लावली. गोट्या नेहमीप्रमाणे फळीवरून न जाता थेट चिखलात. आणि राणी एकेक पाऊल टाकत, स्वतःची स्वतः, खाली उतरली. सासरे बांधावरून बघत होते. म्हणाले, "आता कशी शहाण्यासारखी गाडी घेतलीस."

गाडी तीच होती. मी काही बोललो नाही.

तुमच्या घरात म्हातारा कुत्रा असेल तर या रविवारी एवढंच करा. तुमच्या गाडीच्या मागच्या दाराशी त्याच्या उंचीला बसा आणि वर बघा. काय बदलायचं ते तिथेच कळेल. चला, भेटू पुढच्या भागात. आणि हो, चिक्की घरपोच मागवा!