स्वयंपाकघरातला दुसरा दिवा
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



दरवर्षी आजच्या दिवशी कोणी पाककृती सांगते, कोणी विणकाम. आमच्या स्वयंपाकघरात यंदा नवा दिवा आणि त्याचे बटण बसवले, त्याविषयी मी बोलावे अशी अध्यक्षाबाईंची सूचना आली. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विजेचे शास्त्र मी काय सांगणार? पण शेजारी उभे राहून जे पाहिले आणि विचारून घेतले, तेवढे सांगते.

आपल्या राहुरी-श्रीरामपूर भागाला वीज नवी नाही. देशात ग्रामीण भागासाठी ज्या पहिल्या सहकारी वीज संस्था १९६९ च्या सुमारास निघाल्या, त्यांत आपली मुळा-प्रवरा होती. मी लग्न होऊन आले तेव्हा घरात तिचीच वीज होती. २०११ सालापासून महावितरणची आहे. वीज घरात आली, पण पहिला दिवा ओटीवर लागला, दुसरा देवापाशी आणि शेवटचा स्वयंपाकघरात. तोही छताच्या मधोमध. ओट्याशी उभे राहिले की दिवा पाठीमागे, आणि आपलीच सावली विळीवर व पातेल्यात. तांदळातला खडा दिसायचा कसा? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

म्हणून पहिली गोष्ट जागेची. दिवा आपल्या पाठीमागे नको. ओट्याच्या वर, किंचित पुढे हवा, म्हणजे उजेड हातावर पडतो. बटण दारातून आत येताच हाताला लागावे. ते नळाजवळ नको आणि शेगडीच्या वरही नको.

खर्चाची भीती बाळगू नका. ९ वॅटचा एल.ई.डी. दिवा रोज चार तास लावला तर महिन्याला सुमारे एक युनिट होते. जुना ६० वॅटचा बल्ब तेवढ्याच वेळात सात युनिटे घेई.

आता मुख्य गोष्ट. दिव्याला दोन तारा लागतात. एक फेज, तिच्यातून करंट येतो. दुसरी न्यूट्रल, तिच्यातून तो परत जातो. बटण हे फेजच्या वाटेवरचे दार आहे. फेज बोर्डातून बटणात आणि बटणातून दिव्याला जावी. न्यूट्रल सरळ दिव्याला जावी. बटण चुकून न्यूट्रलवर बसवले तरी दिवा लागतो आणि विझतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरात करंट तसाच उभा असतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमचा जुना दिवा एका वायरमनने असाच जोडून दिला होता. दिवाळीच्या साफसफाईत सासूबाई बटण बंद करून, स्टुलावर चढून होल्डर पुसत होत्या. झटका बसला, खाली आल्या आणि मनगट मोडले. दीड महिना हात गळ्यात होता. "बटण तर मीच बंद केलं होतं गं," असे त्या पुन्हा पुन्हा म्हणत. त्यांचे खरेच होते. नव्या वायरमनने बटण बंद ठेवून होल्डरला टेस्टर लावला, तो लखकन पेटला.

त्यानंतर नवा दिवा बसवताना मी तेथून हलले नाही. तुम्हीही हलू नका आणि एवढे पाहा. वायरमन परवानाधारक असावा. काम सुरू होण्यापूर्वी मेन स्विच बंद व्हावा आणि टेस्टर लावून खात्री व्हावी. दिव्यासाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते; वायर आणि बटण आय.एस.आय. छापाचे घ्यावे. त्या वायरवर पुढे इस्त्री किंवा गिझर जोडू देऊ नये. नव्या दिव्याची फेज जुन्या बटणाच्या पुढून घेतली, तर जुना लावल्याशिवाय नवा लागत नाही; ती बटणाच्या अलीकडूनच घ्यायला सांगावी. तारांचे जोड भिंतीत पुरू नयेत, डबीत असावेत. शेवटी बटण बंद करून होल्डरची दोन्ही टोके टेस्टरने दाखवायला सांगावे. एकही पेटता कामा नये.

घरात अर्थिंग आहे ना, तेही विचारावे. करंट जमिनीकडे गळू लागताच वीज तोडणारे आर.सी.सी.बी. नावाचे यंत्र मेनपाशी बसते. ३० मिलिअँपिअरचे घ्यावे. साड्यांत एक साडी कमी घ्या, पण हे घ्या.

आणि एक लक्षात ठेवा. गॅसचा वास आला तर कोणतेही बटण लावू नका, लागलेले असेल तर बंदही करू नका. बारीक ठिणगीही पुरते. सिलिंडर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात.

"बाईमाणसाला त्यात काय कळतंय?" असे वायरमन मलाही म्हणाले. दुधाला उतू जाण्याआधी ओळखणाऱ्या बाईला टेस्टरचा दिवा पेटला की नाही हे कळत नाही काय? दिवसाचे सहा-सात तास आपण त्या खोलीत काढतो. तिथला उजेड पुरेसा आहे आणि बटण खरोखर बंद होते आहे, हे विचारण्याचा पहिला अधिकार आपलाच.

माझी एक सूचना आहे. मंडळाने पुढच्या महिन्यात परवानाधारक वायरमनला बोलवावे आणि प्रत्येकीच्या स्वयंपाकघराचा दिवा तपासून घ्यावा. दिवाळीची साफसफाई त्यानंतर करू.