कोरियाच्या राजाची गुप्त पुंजी

राजानें चोरून व्यापार करावा ही गोष्ट ऐकावयास विपरीत वाटते. परंतु कोरियाचा राजा कोजोंग याच्यावर तोच प्रसंग आला. चीन, रशिया आणि जपान यांच्या ओढाताणींत सांपडलेल्या या राजानें १८९७ सालीं सम्राट्पद धारण केलें. पद मोठें झालें, पण पैसा कोठें होता? सरकारी खजिना मंत्र्यांच्या हातीं, आणि मंत्र्यांवर परकीय वकिलातींची नजर. म्हणून त्यानें राजवाड्याचें खासगी खातें वाढविलें. खाणींचा वसूल व नाना प्रकारचे कर त्यांत येऊं लागले, आणि या सर्वांवर मात केली एका मुळीनें.

ती मुळी म्हणजे जिनसेंग. हें झाड सहा वर्षें जमिनींत जोपासावें लागतें. नंतर मूळ उकडून वाळविलें म्हणजे तांबूस होतें, आणि चिनी गिऱ्हाईक त्यास वाटेल तें मोल देतें. केसोंग येथील या पिकाचा मक्ता राजवाड्यानें आपल्याकडे घेतला. ज्यानें लागवड केली त्यानेंच परभारें विकली तर तो चोर ठरे!

हा कारभार यी योंग-इक याजकडे होता. मनुष्य गरिबींतून वर आलेला. १८८२ च्या बंडांत राणी लपून राहिली असतां तिचे निरोप यानेंच धांवत राजास पोंचविले होते. निष्ठा अढळ, पण हात सैल नव्हे, कठोर. त्याच्या टांकसाळींतून निकलचीं नाणीं इतकीं बाहेर पडलीं कीं त्यांचें मोल घसरलें व बाजार महागला. राजाची पेटी भरली ती कांहीं अंशीं रयतेच्या ताटांतून, हें विसरतां येत नाहीं.

१९०३ च्या सुमारास या पुंजीपैकीं सोनें व रोकड शांघाय येथील जर्मन बँकेंत गुपचूप ठेवण्यांत आली. तेथें जपानचा हात पोंचणार नाहीं, हा हिशेब. पुढें १९०५ त जपाननें कोरियास संरक्षित राज्य केलें. १९०७ सालीं राजानें हेग येथील परिषदेकडे गुप्त वकील धाडले, आणि त्यापायीं गादी गमावली. मागोमाग खासगीची मालमत्ता सरकारजमा झाली.

१९०९ मध्यें पदच्युत राजानें होमर हल्बर्ट या अमेरिकन स्नेह्यास मुखत्यारपत्र देऊन शांघायला पाठविलें. पेढीवर उत्तर मिळालें कीं पैसे आदल्याच वर्षीं जपानी रेसिडेंट-जनरलच्या कचेरीनें उचलले. जी ठेव कोणास कळूं द्यावयाची नव्हती, तिच्यासाठीं उघड ओरड तरी राजानें कोणापाशीं करावी?

राजा १९१९ त वारला. हल्बर्टनें मात्र कागद जपून ठेवले व तो दावा अखेरपर्यंत सोडला नाहीं. १९४९ सालीं, शहाऐंशीं वर्षांचा असतांना, तो सोल येथें परत आला आणि आठवड्याभरांतच निवर्तला. त्याचें थडगें तेथेंच हान नदीकांठीं आहे.